बिनशिट्टीचा राजमा

ज्या भांड्याला शिट्टी नाही त्यात काही शिजतं, यावर आमच्या घरात कुणाचाही विश्वास नाही. खरं सांगायचं तर माझाही नव्हता. पण मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि कारखान्यातल्या माणसानं यंत्रावर अविश्वास दाखवणं बरं दिसत नाही!

हे भांडं मला हॅरल्ड साहेबांनी दिलेलं. साहेब अमेरिकेचे. नवी मशिनं बसवायला आमच्याकडं आले, काही महिने हॉटेलात राहिले आणि परत जाताना आपला स्लो कुकर माझ्या हातात ठेवून गेले. (मलाच का, ते माहीत नाही. त्यांच्या बॅगा गाडीत चढवायला मी एकटाच उभा होतो, एवढं आठवतं.) आत चिनी मातीचं जाडजूड पातेलं, बाहेर विजेची शेगडी, वर काचेचं झाकण आणि सोबत आपला करंट अमेरिकेच्या मापाचा करणारा, विटेएवढा जड डबा.

घरी ते यंत्र कधी लागलंच नाही, कारण त्या साली पाऊसच पडला नाही. आमचं घर मुकुंदवाडीच्या पलीकडं, नव्या कॉलनीत. शहर त्या काळात असं सुटलं होतं की घरं पुढं निघून गेली आणि नळ मागंच राहिले! आम्ही सगळे टँकरवर. घरातलं प्रत्येक भांडं पाण्याच्या नोकरीला लागलेलं होतं. साहेबांचं पातेलंही लागलं. पाणी गार राहतं म्हणून आई त्याच्यावर फार खूष होती. करमाडकडची आमची विहीर आटली, म्हणून मेंढरं चुलतभावाच्या हवाली करून आई आणि अण्णा (म्हणजे वडील) आमच्याकडंच राहायला आले होते.

अशात हॅरल्ड साहेब परत आले. कारखान्यात नवी लाइन सुरू व्हायची होती, तिला एक सुपरवायझर लागणार होता, आणि नाव साहेब सुचवणार होते. मी रोज त्यांच्या नजरेस पडेन असा उभा राहू लागलो.

आता साहेबांच्या इंग्रजीबद्दल सांगितलं पाहिजे. ते शब्द रबरासारखा ताणत, नंतर तो सोडायचंच विसरत. मला त्यातलं काही म्हणता काही कळत नसे. पण माझं एक धोरण होतं. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला की "येस सर!", खाली गेला की "शुअर सर!" या धोरणावर मी मागची सगळी मशिनं बसवली होती!

एक दिवस साहेब माझ्यापाशी थांबले, काहीतरी लांबलचक बोलले. आवाज वर गेला. मी म्हणालो, "येस सर!" त्यांचा चेहरा खुलला. परत आवाज वर. "येस सर, एव्हरी संडे सर!" (संडे एवढा एकच शब्द कळला होता, म्हणून उत्साहाच्या भरात मीही वापरला.) मग आवाज खाली आला. "शुअर सर!" साहेबांनी माझा हात असा हलवला की खांदा उतरायची वेळ आली.

ते गेल्यावर सय्यदभाई माझ्यापाशी आले. सय्यदभाई शेजारच्या मशिनवर असत आणि त्यांना इंग्रजी खरंच येत असे.

"तूने क्या बोल्या, मालूम है?"

"काय?"

"वो पूछे, मेरा कुकर चलता क्या? तू बोल्या, हौ. वो पूछे, उसमें हमारे सदर्न बीन्स पकाता क्या? तू बोल्या, हर संडे पकाता. वो बोले, तो मैं इस संडे को खाने आतूं. तू बोल्या, जरूर!"

मी मटकन स्टुलावर बसलो.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. शोभानं शांतपणे विचारलं, "सदर्न म्हणजे?"

"साऊथचं. साऊथ म्हणजे मद्रास!"

"अमेरिकन माणूस मद्रासचा कसा?"

"असतील मूळचे तिकडचे. गोरा माणूस काय मद्रासला जन्मत नाही का?" (हे मी इतक्या ठामपणे बोललो की मलाही पटलं.)

"मग इडली करते की! बीन्स कशाला?"

"नाही. त्यांना बीन्सच पाहिजेत. मी करणार. तुम्ही कुणी हात लावायचा नाही."

शनिवारी किराणा दुकानात गेलो. "भाई, साऊथवाले बीन्स होना." दुकानदारानं पोत्यांकडं नजर टाकली. "साऊथवाला तो नई है. राजमा है, जम्मूवाला. ठिपकेवाला. चलेगा?" मद्रास आणि जम्मू यांच्यात बरंच अंतर पडतं हे मला माहीत होतं. पण शिजल्यावर राजम्याला दिशा थोडीच कळते! घेतला.

रविवारी सकाळी पातेलं पाण्याच्या नोकरीवरून तात्पुरतं सोडवलं. रात्रभर भिजवलेला राजमा, कांदा, लसूण आणि साऊथ म्हणून कढीपत्ता नि खोबरं घातलं. करंटचा डबा लावला, बटण फिरवलं, झाकण ठेवलं आणि घरच्यांसमोर छोटं भाषण केलं. "हे दिवसभर शिजणार. हळूहळू. कुणी घाई करायची नाही."

"दिसभर?" आई म्हणाली. "बाळू, दिसभर शिजतंय ते काय घोडं हाय का?"

"आई, मंद आचेवर चव उतरते."

"शिट्ट्या किती घ्यायच्या?"

"याला शिट्टी नसते."

"मंग कळायचं कसं, झालं म्हून?"

"यंत्राला कळतं," मी म्हणालो.

आईनं मान डोलावली. पण तिची ही डुलणारी मान मला लहानपणापासून ओळखीची आहे. ती पटल्याची नसते.

मी दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघत होतो. (झाकण उचलायचं नसतं, वाफ जाते, हे नंतर कळलं.) आत काही हालचाल नाही. बुडबुडा नाही, वास नाही. दुपारी एक दाणा चावला, तर दाढेतून कळ आली! म्हटलं, असेल, संध्याकाळी एकदम शिजत असेल. अमेरिकन पद्धत.

मग लक्षात आलं की माणूस मांडी घालून बसतो तसं ते यंत्र नुसतं बसलंय. भिंतीपाशी वाकून बघतो तर प्लग खाली लोंबतोय आणि त्याच्या जागी अण्णांचा मोबाईल!

"अण्णा! हे कुणी काढलं?"

"म्या काढलं."

"कधी?"

"सकाळीच. ते काय करत नव्हतं बाबा. नुसतं बसलं होतं. म्हटलं, रिकामा करंट कशाला वाया घालवा? पुतण्याचा फोन येतो मेंढरांचा, चार्जिंग नको?"

"अण्णा, ते शिजत होतं!"

"व्हय? मंग सांगायचं ना त्यानं!"

मी प्लग परत लावला, बटण सगळ्यात वरच्या खुणेवर नेलं आणि तेवढ्यात कॉलनीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला.

टँकर आला की आमच्याकडं नाती बंद पडतात. मी पाइप घेऊन पळालो. ड्रम, हंडे, बादल्या, शेजारणीशी भांडण, सगळं यथासांग चाललेलं असताना मागून कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. हॅरल्ड साहेब! हातात फुलं. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी. मी अर्ध्या चड्डीत, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पाण्यानं फुरफुरणारा पाइप. त्यांचा आवाज वर गेला. "येस सर!" म्हणत मी त्यांना घरात नेलं, खुर्ची दिली, हातपाय पुसून पँट चढवली आणि समोर बसलो.

"हरळसाहेब आले व्हय!" आई आतून डोकावून म्हणाली. (हॅरल्ड तिला कधी जमलं नाही. तिच्या लेखी साहेबांचं नाव गवतावरूनच ठेवलेलं होतं.) तिनं पटकन डोक्यावर पदर घेतला आणि ती परत आत गेली.

साहेबांनी हवेत नाक फिरवलं आणि माझ्याकडं बघून हसले. मी छाती काढली. हळू बोलले तर मलाही थोडं इंग्रजी येतं. "सर," मी म्हणालो, "युवर कुकर, व्हेरी ग्रेट. स्लो. सायलेंट. नो नॉइज!"

आणि आतून शिट्टी झाली.

साधीसुधी नाही. आमच्या जुन्या कुकरची, चाळीतल्या भांडणासारखी, शेवटपर्यंत ताणलेली शिट्टी!

साहेब दचकले. मीही दचकलो. घरात कुकर लावलाय हे मला कुठं ठाऊक होतं! त्यांनी भुवया वर करून विचारलं, "व्हॉट वॉज दॅट?"

"ट्रेन, सर!" माझ्या तोंडातून निघून गेलं. "मुकुंदवाडी स्टेशन. व्हेरी निअर."

साहेबांनी मान डोलावली. एवढ्यात दुसरी.

"अनदर ट्रेन, सर."

तिसरी.

"क्रॉसिंग, सर." (मुकुंदवाडीचं स्टेशन एवढुसं. तिथं दिवसाकाठी जेवढ्या गाड्या थांबत नसतील, तेवढ्या मी एका बैठकीत थांबवल्या!)

चौथीला साहेब उठून खिडकीपाशी गेले. बाहेर टँकर, बांधकामाच्या विटांचा ढीग आणि त्यावर बसलेलं कुत्रं. रूळ कुठंच नव्हता. तेवढ्यात आणखी एक वाजली आणि आतून आईचा खणखणीत आवाज आला, "शोभे, पाचवी झाली गं! आजून दोन व्हऊ दे!"

साहेब वळले. "व्हॉट डिड शी से?"

"माय मदर, सर. शी काउंट्स ट्रेन्स. हर हॉबी."

साहेबांनी आतल्या दाराकडं फार आदरानं पाहिलं.

मी आत धावलो. शोभा कुकरपाशी उभी. "अहो, दाणा खडा होता नुसता! साहेबांच्या दाताला काही झालं असतं तर? तुम्ही टँकरला गेलात तशी काढला आणि लावला इकडं."

"मीठ घातलंस का?"

"हो."

"म्याबी घातलं," आई म्हणाली.

मी सकाळीच घातलं होतं, हे कुणाला सांगितलं नाही.

मी बाहेर यायच्या आत साहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे होते. ओट्यावरच्या कोपऱ्यात त्यांना आपला जुना कुकर दिसला. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम मायेचं काहीतरी आलं. पुढं होऊन त्यांनी काचेचं झाकण दोन्ही हातांनी उचललं.

आत स्वच्छ, नितळ पाणी.

राजमा नाही. कांदा नाही. कढीपत्त्याचं एक पान तेवढं तरंगत होतं.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी शोभाकडं, शोभानं आईकडं, आणि आईनं अभिमानानं आमच्या सगळ्यांकडं. "टँकरचं भरून ठिवलं. रिकामं पडलं व्हतं."

"ते चालू होतं, आई!"

"म्हून तर गरम लागतंय!"

साहेबांचा आवाज वर गेला. मला एक शब्द कळला नाही. "येस सर," मी म्हणालो.

साहेबांनी हसून मान हलवली, बाह्या वर केल्या आणि दोन्ही हात त्या पाण्यात बुडवून सावकाश, बोटं चोळत धुतले. जेवणाआधी पाहुण्याला कोमट पाणी द्यायची ही आमची रीत असावी, असं त्यांना वाटलं! आईच्या तोंडातून अस्सा आवाज आला, जणू कुणी तिची मेंढी उचलून नेली. त्या टँकरचं प्यायचं पाणी होतं ते. अण्णा म्हणाले, "जाऊ दे गं. पाव्हणा हाय. झाडाला घालू."

जेवायला बसलो. राजमा लगदा झाला होता. साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. तिघांचं मीठ एका घासात! पाणी प्याले. दुसरा घास. ताटातून कढीपत्त्याचं पान उचलून त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

"सदर्न, सर!" मी म्हणालो.

"सदर्न?" मग त्यांनी फार सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. त्यांचं गाव अमेरिकेच्या दक्षिणेला. त्यांची आई राजमा करायची तो तिथला, डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवलेला. मद्रास त्यांनी नकाशावरसुद्धा पाहिलेलं नव्हतं. शोभानं माझ्याकडं असं पाहिलं की मी भाकरीत तोंड घातलं.

"काय म्हंत्यात?" आईनं विचारलं.

"चांगलं झालंय म्हणतात."

"मंग वाढ की आजून!" आणि आईनं पळी भरून वाढलं. साहेब निमूटपणे खात राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. आई म्हणाली, आईची आठवण आली असंल लेकराला, आणि परत वाढलं. अण्णांनी ठेचा पुढं केला. जाताना साहेबांनी आईपुढं हात जोडले, अण्णांच्या पाठीवर थाप मारली आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

सोमवारी मॅनेजरनी बोलावलं. साहेबही तिथंच बसलेले. मी सुपरवायझर होणार नाही, हे चेहऱ्यांवरून कळलं. पण मॅनेजर म्हणाले, "साहेबांनी तुझं नाव दुसऱ्या जागेसाठी दिलंय. काहीही झालं तरी तुझ्याकडं उत्तर तयार असतं आणि चेहऱ्यावरची रेष हलत नाही, असं ते म्हणतात." मग साहेबांनी स्वतः त्या जागेचं नाव सांगितलं. शब्द ताणलेला होता, पण या वेळी मी कान टवकारून ऐकला. कॉम्प्लिमेंट डेस्क! कॉम्प्लिमेंट म्हणजे कौतुक. कंपनीचं कौतुक करणारी गिऱ्हाइकं फोन करणार आणि मी ते ऐकून घेणार. "शुअर सर!"

कॉलनीत पेढे वाटले. "बाळूला आता नुसतं कौतुक ऐकायचा पगार," आईनं घरोघर सांगितलं. सय्यदभाई सुटीवर होते, नाहीतर त्यांनी वेळीच सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी नवीन खुर्चीत बसलो, भांग नीट केला, फोन वाजला. उचलला आणि समोरचा बोलायच्या आधीच गोड आवाजात म्हणालो, "थँक यू, सर!"

त्यानंतर "इज धिस कम्प्लेंट डेस्क?" असं खेकसून त्या माणसानं जे ऐकवलं, त्यात आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाचं इंग्रजी शब्दन्‌शब्द कळलं.