गाडीच्या कपाळावरचा बिब्बा

सकाळी साडेसहाला आम्ही गावातून निघालो. आम्ही म्हणजे माझी मुलगी वैशाली, तिची नऊ महिन्यांची चिऊ आणि मी. वैशाली नाशिकला असते. आईच्या वर्षश्राद्धाला एकटीच गाडी चालवत आली होती, कारण जावयाला सुटी मिळाली नाही. आता एकटीच परत चालली होती. मी मलकापूरपर्यंत सोबत जायचं आणि एसटीनं परत यायचं, असं ठरलं. पुढंही गेलो असतो, पण कापसाचा वेचा सुरू होता आणि बाया सांगून ठेवल्या होत्या.

माझं शिक्षण चौथी. लिहायची सवय नाही. पण जळगाव जामोदच्या अलीकडून मलकापूरपर्यंतचा हा प्रवास लिहावासा वाटला, कारण त्यात चूक माझी होती.

गाडी चार महिन्यांची. तिचे गुण जावयानं फोनवर सांगितले होते. पुढं काही आडवं आलं तर स्वतः ब्रेक मारते. रस्त्यावरची पांढरी रेघ सोडली तर स्टेअरिंग हलवून सांगते. पाऊस आला तर वायपर आपोआप फिरतात. मला अशा गुणांची भीती वाटते. बीटीचं बियाणं आलं तेव्हा पाकिटावर अळीच्या चित्राला फुली मारलेली होती. काही वर्षं खरंच अळी नव्हती. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत कवडी (किडका, चिकटलेला कापूस). तेव्हापासून मी पाकीट पाहत नाही, बोंड फोडून पाहतो. पण गाडी काय फोडून पाहणार?

म्हणून मी बिब्बा काढला. बिब्बा हे रानातलं काळं फळ. तापवलेली सुई टोचली की त्यातून काळं तेल येतं. अंगाला लागलं तर फोड येतो, पण वस्तूला ठिपका दिला की नजर लागत नाही. आमच्याकडे हे काम माझ्या बायकोचं, कमलचं. घरात नवं काही आलं की तिचा ठिपका ठरलेला. ती गेल्यावर दारात आलेली पहिली नवी वस्तू म्हणजे ही गाडी. तिच्या सुया-दोऱ्याच्या डब्यात दोन बिब्बे होते.

वैशाली आत चिऊला पाजत होती तेवढ्यात मी गाडीची जागा शोधली. पुढच्या काचेवर वर मधोमध बारीक काळे ठिपके आधीच होते, कंपनीचे. म्हटलं, कंपनीवालेही नजर मानतात. त्या ठिपक्यांच्या मध्ये थोडी मोकळी काच सोडलेली होती. जागा अशी की जणू मोठ्या ठिपक्यासाठीच ठेवली. काळ्यात काळा, पोरीला दिसणारही नाही. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, त्यामुळे ठिपका जरा मोठाच झाला.

"बाबा, काय करून राह्यले तिथं?" वैशाली दारातून म्हणाली.

"काच पुसून राह्यलो."

गाव सोडलं आणि गाडी टुंग टुंग वाजायला लागली. वैशाली हसली. मागच्या सीटवर तुरीच्या डाळीची थैली होती. "गाडीले वाटून राह्यलं कोणी बसलं आहे," ती म्हणाली. तिनं गाडी थांबवून थैलीला पट्टा लावला, तेव्हा आवाज थांबला. त्या जागेवर कमल बसली असती. नातीशेजारी, पदर खोचून. मी पुढं बघत राहिलो.

मागं सातपुडा धुक्यात होता. दोन्ही बाजूंनी पऱ्हाट्या (कपाशीची झाडं), काही पांढऱ्या फुटलेल्या, बऱ्याच लाल पडलेल्या. बाया ओटे (कापूस टाकायच्या कमरेच्या झोळ्या) बांधून वेचायला उतरल्या होत्या. जळगाव जामोद मागं पडलं. ऊन चांगलं वर आलं होतं, आभाळात बोटभर ढग नव्हता, आणि वायपर फिरायला लागले. खरडखरड, कोरड्या काचेवर. वैशालीनं बंद केले. थोड्या वेळानं पुन्हा फिरले. मग समोरच्या पडद्यावर पिवळा दिवा आला. तिनं वाचलं, "पुढचा कॅमेरा झाकला आहे म्हणते."

"कॅमेरा कुठं असते?"

"पुढंच असन, जाळीत."

एका टपरीपाशी थांबलो. तिनं पुढची जाळी, नंबरपाटी, दिवे, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. मी चिऊला घेऊन उभा होतो. टपरीवाला आलूबोंडे तळत होता. झारा हातात धरूनच म्हणाला, "काकाजी, आभाळ कोरडं अन् गाडी नाक पुसून राह्यली. सर्दी झाली काय तिले?"

आलूबोंडा गरम होता, वर लाल रस्सा. चव काही कळली नाही. वैशालीनं जावयाला फोन लावला. तो म्हणाला, बंद करून चालू कर. तीनदा केलं. दिवा तीनदा परत आला.

"काचेवर काही तरी तेलकट पसरलं," ती म्हणाली. "झाडाचा चिकटा असन."

मी चिऊचं टोपडं नीट केलं.

पूर्णेच्या पुलावर ते झालं. पूल मोकळा होता. खाली नदी रोडावलेली, वाळूत बगळे. मी बगळे बघत होतो आणि गाडीनं एकदम ब्रेक मारला. आपणहून. मी पट्ट्यात अडकलो, डाळीची थैली फुगून पुढं आली, चिऊ किंचाळली. मागं टायर घासल्याचा आवाज आला, लांबलचक. मी मान वळवली तर मागच्या काचेत फक्त ट्रकचं तोंड होतं. वर कापसाचा डोंगर. एक हात अंतर राहिलं असेल.

ड्रायव्हर उतरून आला. "ओ ताई! मोकळ्या पुलावर काऊन ब्रेक मारला? मांग भरेल गाडी आहे माही! असं वजन थांबते काय?"

"मी नाही मारला, भाऊ. गाडीनं मारला."

"मंग गाडीलेच द्या लायसन!"

मग त्याचं लक्ष चिऊकडे गेलं. त्याचा आवाज खाली आला. "लेकरू आहे नं मांग. कुठं चालल्या?"

"नाशिकले."

"अशी नका नेऊ, ताई. मलकापुरात स्टँडच्या मांग रफिकभाई आहे, गाड्यायची वायरिंग पाहते. त्याले दाखवा आधी. अन् तुम्ही, बाबा, समजावा पोरीले."

मी मान हलवली. ट्रक निघाला तेव्हा मी आरशाकडे पाहिलं. आरशाच्या मागं, काचेला चिकटून एक काळी डबी होती. डबीत एक गोल भिंग होतं, चिऊच्या डोळ्याएवढं. ते बाहेर बघत होतं. आणि त्याच्या बरोबर समोर माझा बिब्बा होता, वायपरनं फराटा ओढलेला.

तेव्हाच मला कळलं. आणि मी बोललो नाही.

का बोललो नाही ते सांगतो. शरम होतीच. पण नुसती शरम नव्हती. सांगितलं असतं तर तिनं ठिपका तिथंच पुसला असता, आणि पुढं नाशिकपर्यंत गाडी नजरेला उघडी. ठिपका ठेवला तर गाडी आंधळी. दोन्हीकडून माझी पोर आणि नात त्या हमरस्त्यावर. कमल असती तर एका शब्दात सांगितलं असतं. मी नुसता दाराची मूठ धरून बसलो.

वैशालीनं पडद्यावर खोदून खोदून ब्रेकचा तो गुण बंद केला. चारही दिवे लुकलुकत ठेवून गाडी हळू चालवली. नांदुऱ्याचा उंच मारोती दुरून दिसला. मी हात जोडले, पण काय मागायचं ते सुचेना. हमरस्त्याला लागलो तसे ट्रक भोंगे वाजवत बाजूनं जायला लागले. प्रत्येक ट्रकला वैशालीचे खांदे वर यायचे. चिऊ झोपली होती. पोरीच्या कपाळावर घाम बघितला आणि तरीही मी बोललो नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

रफिकभाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, दाढी पांढरी, चष्मा दोरीला. त्यानं स्टेअरिंगखाली एक मशीन जोडलं आणि त्याचा पडदा डोळ्यांजवळ धरला.

"कॅमेऱ्याले दिसून नाही राह्यलं, बेटा. आता कॅमेरा खराब आहे का त्याची वायर, ते खोलल्याशिवाय समजणार नाही. खोलला तर पुन्हा जुळवायचं मशीन माह्यापाशी नाही. अकोल्याले न्यावं लागन. दोन दिवस धरा."

"दोन दिवस नाही जमत," वैशाली म्हणाली. "मले परवा कामावर हजर व्हायचं आहे. सगळं बंदच करून द्या. अशीच जातो मी."

"पूर्ण भरोसा नाही ना बेटा. बंद केलेलं पुन्हा चालू झालं, तर?"

"पाहू."

ती चिऊला पट्ट्यात बसवायला वाकली. मी म्हणालो, "काही खोलू नको, रफिकभाई. बिब्बा आहे तो. मी लावला."

दोघंही थांबले. रफिकभाईनं काचेवर बोट फिरवलं, वास घेतला आणि चष्मा वर केला. वैशाली सरळ उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ती हळू बोलली, ते जास्त लागलं.

"बाबा, ट्रक अंगावर आला होता आपल्या. तेव्हा माहीत होतं तुम्हाले?"

"त्याच्यानंतर समजलं."

"अन् तिथून इथपर्यंत गप्प बसले?"

"हाव."

ती दुसरीकडे बघू लागली. रफिकभाईनं खोबरेल तेलाची बाटली आणि एक पातं आणून माझ्या हातात दिलं. "चाचा, ज्यानं लावला त्यानंच काढावा. काचेले ओरखडा नका पाडू." मी टाचा उंच करून खरवडलं आणि काच पुसून कोरडी केली. त्यानं मशीन लावून गाडीत नोंदलेला जुना दोष पुसला आणि मग आम्ही सगळे एक चक्कर मारून आलो. हमरस्त्यावर दोन किलोमीटर गेल्यावर पिवळा दिवा गेला. गाडी रेघेवर आली की स्टेअरिंग हातात हलायचं. पुढच्या बैलगाडीला तिनं दुरूनच ओळखलं आणि टुंग केलं. रफिकभाई म्हणाला, "घ्या. डोळे आले हिले."

निघताना मी खिशातली पुडी काढली. दुसरा बिब्बा तीत होता. "दुसरीकडे लावू काय कुठं?"

वैशालीचा राग उतरत आला होता. डोळे भरले होते. "लावा ना बाबा. पण आई लावायची तिथं लावा."

मी पुडी धरून गाडीभोवती एक फेरी मारली. पुढं बघितलं, मागं बघितलं. चाळीस वर्षं मी तिला सुई तापवताना पाहिलं. ठिपका कुठं देते, ते कधी पाहिलं नव्हतं.

"मले माहीत नाही," मी म्हणालो.

गाडी तशीच गेली, ठिपक्याशिवाय. वळणावर दिवा लुकलुकला आणि ती दिसेनाशी झाली.

एसटीत खिडकी मिळाली. येताना जे पाहिलं होतं तेच उलटं जात होतं. मारोती, पूर्णेचा पूल, त्यावर टायरचे दोन काळे पट्टे. प्रत्येक पांढऱ्या गाडीला माझा जीव वर यायचा, आमची तर उलट्या दिशेला गेली होती तरी. घरी पोचलो तेव्हा वेचणाऱ्या बाया गाठोडी बांधत होत्या. फोन खिशातून काढून समोर ठेवला. तो वाजेना.

बसून राहवेना, म्हणून मी शोधायला लागलो. आधी गोठ्यात गेलो. जू (बैलांच्या मानेवर ठेवतात ते लाकूड) उलटं केलं, तर खालच्या अंगाला, बैलाची मान जिथं लागत नाही तिथं, ठिपका होता. फवारणीच्या पंपाला बुडाशी. दाराच्या फळीला मागून, बिजागरीच्या वर. वैशालीच्या जुन्या पाळण्याला पायाकडच्या दांडीखाली. कामाच्या आड येईल असा एकही नव्हता. डोळ्यांसमोर तर एकही नाही.

शेवटी मी माझी बाज (दोरीची खाट) आडवी केली. उशाकडच्या आडव्या लाकडाखाली बोटानं चाचपलं. तिथंही होता. नखाएवढा. त्या बाजेवर मी किती वर्षं झोपलो, आजही झोपतो.

तेव्हा फोन वाजला. "पोचलो, बाबा. चिऊ जागी आहे. डाळ सांडली थोडी."

"गाडी?"

"चांगली चालली. धुळ्याच्या पुढं कुत्रं आडवं आलं, माह्या आधी तिनंच पाह्यलं."

मी बाज पुन्हा सरळ केली. मग म्हणालो, "दिवाळीले येशीन तेव्हा गाडीची पाठ घराकडे करून उभी कर, माय. ठिपका खालून लावायचा असते. तुह्या आईनं सांगून ठेवलं आहे."