मामांचा बसलेला राक्षस

"हात गोड होता माणसाचा, पण लढाई काही साधली नाही त्यांना," ओसरीवरून आवाज आला. मामांचं तेरावं होतं आणि मी आत कपबश्या मांडत होते. बोलत होते औरंगाबादचे प्रकाशक. राक्षसांच्या गोष्टींचं त्यांचं पुस्तक मामांच्या चित्रांनी सजलं होतं. "नवी आवृत्ती काढतोय. ही बसलेल्या राक्षसाची चित्रं काढून दुसऱ्या कुणाकडून लढाया करून घेऊ. पोरांना मारामारी लागते. वहिनी, तुमची हरकत नसेल तर..." मामी दाराआड उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

बारा दिवसांपूर्वी साध्या तापाचं निमित्त होऊन मामा गेले. आता त्यांचा राक्षसही जाणार होता.

मामा परभणीच्या बाजारात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. त्यांची शाळा उर्दूतून झालेली. निजामाचं राज्य गेलं, दुकानदारांना पाट्या मराठीत हव्या झाल्या आणि मामांना जेवायला फुरसत उरली नाही. अक्षरं सुरेख काढायचे, पण मराठीचं अख्खं पान वाचायचं म्हटलं की वैतागायचे. गोष्टींच्या पुस्तकाचं काम आलं तेव्हा मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुटीला आले होते. माझं मराठी वाचन त्यांच्याहून बरं, एवढंच. मामेभाऊ हसायचे म्हणून मी कुणासमोर वाचत नसे. मामांनी मला रंगांच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "वाच माय. हितं हसायला कोणी न्हाई. मला तरी कुठं येतंय?"

मी वाचायचे तेव्हा ते हात मांडीवर ठेवून नुसते ऐकायचे. एखाद्या जोडाक्षरापाशी मी अडले की मात्र ब्रश उचलायचे. "घाई न्हाई. तू दम खा, तवर राक्षस बी बसंल जरा." एकदा 'विषण्णवदनाने' हा शब्द आला. तो मला जुळेपर्यंत कागदावरचा राक्षस आपल्या महालाच्या उंबरठ्यावर बसून तळपायातला काटा काढू लागला होता. गोष्टीत काटा नव्हताच. मी तसं म्हटल्यावर मामा म्हणाले, "बाभळीचा हाय. झरी गावच्या वाटंवर मला रुतला व्हता तसला."

पुढे कोल्हापूरच्या एका कंपनीने त्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि महाल उभा करायला मामांनाच बोलावलं. उंबरठा त्यांनी सुतारांकडून मुद्दाम रुंद करून घेतला, राक्षसाला ऐसपैस बसता यावं म्हणून. चित्रपट परभणीला लागला तेव्हा मामा, मामी आणि मी असे तिघं गेलो. तलवारी निघाल्या की शिट्ट्या वाजत होत्या. मग राक्षस उंबरठ्यावर टेकला, त्याने पाय मांडीवर घेतला, आणि सगळं थेटर गप्प झालं. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "आरं, ह्याला बी काटा रुततो की." मामांनी अंधारात माझ्या हातावर टिचकी मारली.

चहा घेऊन मी ओसरीवर आले. समोर रंगांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत त्यांच्या बैठकीशेजारी माझा पाट तसाच होता, मामींनी तो हलवला नव्हता. प्रकाशक अजून तेच सांगत होते, "लढाईच्या पानांवर एक चित्र नाही. हात धजला नसेल." चारचौघं माना डोलावत होती. ती पानं मला चांगली आठवत होती. छोटे, सोपे शब्द... मारला, पडला, उठला. मी ती धावत वाचायचे.

मी कप खाली ठेवला.

"मामांना लढाई येत होती," मी म्हणाले. "मी वाचताना अडले की ते चित्र काढायचे. लढाईत मी कधी अडलेच नाही."