रिठदच्या शाळेत डोळ्यांसाठी दिवा

अमरावतीहून सकाळची पहिली एसटी धरली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन पातळे, पक्कड, टेस्टर, वायरचे वेटोळे, फ्यूज आणि एक यादी होती. मुलांनो, तुमची आजी यादीशिवाय घराबाहेर पडत नाही, हे तुमच्या आईने तुम्हाला परदेशातही सांगितले असेलच.

मी निघाले होते रिठदला, गंगूबाईसाठी. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना तिथे वीस वर्षे घंटा देणारी ही बाई. निवृत्त होऊन ती गावी गेली आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तिचा मुलगा सुखदेव तिथल्याच शाळेत मास्तर आहे. त्याने कळवले की शाळेत मोतीबिंदूचे शिबिर भरणार आहे, पण गावची वीज सारखी फडफडते आणि डॉक्टर तसल्या उजेडात सुरी धरायला तयार नाहीत. 'बाई, बॅटरीवर दिवा जोडून द्याल का? तुम्ही आल्या तरच आई टेबलावर झोपीन म्हणते.' पुन्हा शिबिर कधी भरेल, याची खात्री नव्हती.

कारंजा मागे पडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची शेते लागली. शेलूबाजारला मी उतरले. मोटारींचे सुटे भाग विकणारे शांतिलालजी दुकानात गादीवर बसले होते. मला बॅटरी हवी म्हटल्यावर त्यांनी एक चकचकीत नवी पुढे केली. मी तिच्याकडे न पाहता कोपऱ्यातली ट्रॅक्टरची जुनी, जड बॅटरी मागितली, काचेची नळी घेऊन तिच्या सहाही घरांतले तेजाब तपासले. नळीत तरंगणारा काटा सगळीकडे सारखा वर आला, म्हणजे बॅटरी पुरी भरलेली होती.

"बाई, नवी सोडून जुनी कायले घेता?" शांतिलालजी म्हणाले.

"नवी लहान आहे. माझा दिवा पाच-सहा तास जळायला हवा."

"तुमी मास्तरीन हाय का मेकॅनिक?"

"निवृत्त मास्तरीण."

"मंग भाव करू नोका, मले भेव लागते," असे म्हणून त्यांनी रिठदला निघालेल्या, भाड्याची जीप चालवणाऱ्या इस्माईलभाईंच्या जीपमध्ये ती चढवून दिली.

इस्माईलभाई वाटेत सारखे बोलत होते. उद्या बारा वाजता त्यांना वाशीमहून नवरदेव घेऊन जायचे होते, आणि त्याच्या बापाने बजावले होते की उशीर झाला तर गाठ माझ्याशी आहे. त्यांचा मुक्काम रिठदलाच बहिणीकडे होता. सुखदेवच्या घरी आम्हाला भाकरी, वांग्याची भाजी आणि भुरका (तेलात परतलेले लाल तिखट) मिळाला. गंगूबाईने हाताने चाचपडून माझ्या ताटात आणखी भुरका वाढला. डोळ्यांतून पाणी आले, ते मी तिखटावर ढकलले.

सकाळी आठला जोडणी झाली. व्हरांड्यात बाकावर बॅटरी, खिडकीतून आत वायर, टेबलावर शांतिलालजींकडूनच घेतलेल्या मोटारीच्या बल्बचा दिवा. डॉक्टर तरुण होते. त्यांनी दिव्याखाली हात धरून पाहिला आणि मान डोलावली. यादीतला पहिला नंबर सरपंचांच्या आई देवकाबाईंचा होता, गंगूबाईचा अकरावा.

देवकाबाई आरतीचे ताट घेऊन आल्या. नवे यंत्र पूजेशिवाय सुरू करायचे नाही, ही इथली रीत. त्यांनी अंदाजाने दिव्याच्या दिशेने हळद-कुंकू वाहिले, ओवाळले. आता ताट ठेवायचे कुठे? आरतीचे ताट जमिनीला टेकवायचे नसते. त्यांच्या धूसर डोळ्यांना बाकावर काहीतरी काळे, सपाट दिसले. त्यांनी पितळी ताट त्यावर ठेवले.

ताट बॅटरीच्या दोन्ही टोकांवर टेकले. फाडकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, ताटाला भोक पडले आणि शिशाचे एक टोक वितळून खाली ओघळले. बॅटरीला तडा गेला, तेजाबाचा वास सुटला. मी देवकाबाईंना मागे ओढले आणि खाण्याचा सोडा मागवून सांडलेल्या तेजाबावर टाकला. त्यांच्या बोटाला नुसता चटका बसला होता.

चूक त्यांची नव्हती. फ्यूज मी दिव्याजवळ लावला होता. तो बॅटरीजवळ लावूनही हे टळले नसते, कारण टोकेच मी उघडी ठेवली होती. यादीत सगळे होते, टोके झाकणे नव्हते.

"देवका, तुले दिसत नाही त इचाराव ना कोनाले!" गंगूबाई कडाडली.

"दिसत असतं त इथं आली असती का वं मी?" देवकाबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

डॉक्टर बाहेर आले. "डोळा उघडल्यावर दिवा गेला तर मी काय करू? दिवा नसेल तर मी सामान बांधतो."

तेवढ्यात गंगूबाई उठली आणि सुखदेवला म्हणाली, "चाल घरी. माह्या नशिबात अंधारच हाय."

"खाली बस," मी वर्गातल्या आवाजात म्हटले. ती बसली. मग मी जोडणी बघायला आलेल्या इस्माईलभाईंकडे वळले आणि दिव्यासाठी त्यांची जीप मागितली.

"माही जीप? बाई, मले नवरदेव उचलाचा हाय!"

"दहा वाजेपर्यंत तरी द्या."

जीप आवारात आली, पण झेंड्याच्या ओट्यापुढे येईना. वायर ताणून तिथवर नेली तर दिवा तांबूस, मरगळलेला. लांब आणि बारीक वायर वाटेतच ताकद खाते, हे मीच फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. "सुखदेव, आणखी वायर?" त्याने क्षणभर विचार केला आणि बुद्धविहाराकडे धावला. जयंतीच्या लाउडस्पीकरची वायर घेऊन आला. मी दोन्ही वायरी शेजारी धरून त्यांचे सारखे पदर एकत्र पिळले, म्हणजे वायर दुप्पट जाड झाली. या वेळी फ्यूज जीपच्या बॅटरीजवळ लावला आणि टोकांवर सायकलच्या ट्यूबचे रबर गुंडाळले. दिवा पांढरा झाला.

पण इंजिन मंदावले की दिवाही मंदावे. इस्माईलभाईंनी पाय ॲक्सिलरेटरवर एका जागी धरला. "असाच धरू?"

"असाच. हलवू नका."

देवकाबाई आत गेल्या. मग दुसरा, तिसरा. दहा वाजले. इस्माईलभाईंनी घड्याळ पाहिले, पण पाय काढला नाही. अकराला त्यांची मांडी थरथरू लागली, तेव्हा सुखदेवने पायाखाली वीट सरकवली. साडेअकराला सहावा नंबर बाहेर आला. माझी नजर घड्याळावरून निघेना.

"नवरदेवाचं काय?" मी शेवटी विचारले.

"घोड्यावर जाईन तो. लगन काय जीपचं हाय?" ते म्हणाले, पण कपाळावरचा घाम पुसायलाही त्यांनी पाय हलवला नाही.

गंगूबाई आत गेली तेव्हा एक वाजून गेला होता. मी खिडकीशी उभी राहिले आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. पेट्रोल किती उरले होते, ते विचारायचे धाडस झाले नाही. एकदा आवाज अडखळला. आतून डॉक्टर ओरडले, "दिवा!" इस्माईलभाईंनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला. आवाज पुन्हा सरळ झाला. पंचवीस मिनिटांनी गंगूबाईला डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आणले आणि बाराव्या माणसानंतरच इंजिन बंद झाले.

दुसऱ्या दिवशी मलमपट्टी बदलताना डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटे धरली. "किती?" गंगूबाईची नजर डॉक्टरांच्या बोटांवरून सरकून माझ्याकडे वळली.

"हे निळंनिळं कोन उभं हाय?"

"मी आहे, गंगूबाई. माझे पातळ आहे."

"लई निळं हाय वं," ती म्हणाली. मग डॉक्टरांना: "दोन बोटं हायेत. काहून घाई करता?"

परतीच्या वाटेवर इस्माईलभाईंचा पाय इतका आखडला होता की मला शेलूबाजारला सोडेपर्यंत ते दर गावाला थांबून तो झटकत होते. नवरदेवाच्या बापाने दिलेल्या शिव्या त्यांनी मला चालीवर म्हणून दाखवल्या. अमरावतीच्या एसटीत बसल्यावर मी यादीच्या मागच्या बाजूला काय काय चुकले ते लिहून काढले. सव्वीस वर्षे मी मुलींना सांगत आले की विजेला ओळख-पाळख नसते, तिला फक्त वाट हवी असते. हे खरे आहे. पण ती वाट त्या सकाळी विहारातल्या वायरीवरून आणि एका माणसाच्या पायावरून गेली, हे मला कोणत्याही पुस्तकातून शिकवता आले नसते.

गंगूबाईचा दुसरा डोळा अजून बाकी आहे. दिवा कोण जोडणार, असे डॉक्टरांनी सुखदेवकडून विचारले आहे. मी होकार कळवला.