मशीनवाल्याचं ताट

जळगाव जामोदकडच्या लग्नांत स्वयंपाक करणारी एक मावशी आहे. तिनं मला जेवायला घातलं आणि पुढं कामालाही लावलं. हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात कडवटपणा बराच आहे, आणि त्या भरात मावशीचं सांगायचं राहून जाईल अशी मला भीती वाटते. मला भीती लवकर वाटते. या सगळ्या प्रकरणात अर्धं काम त्या भीतीनंच केलं आहे.

माझं गाव सुलतानपूरकडं, घाटावर. जिल्हा एकच, पण जळगाव जामोद घाटाखाली, पार सातपुड्याच्या पायथ्याशी. एसटी बदलत यायचं तर दिवस मोडतो. नववीत मी शाळा सोडली. वडिलांचं म्हणणं असं, की शिकायचं नसेल तर कमवून खा, या घरात फुकटचं ताट नाही. ते रागात बोलले असतील. मी मात्र रागात निघालो नाही, घाबरून निघालो. ओळखीच्या एका ट्रकवाल्यानं मला इथल्या एका बिछायत केंद्रावर आणून सोडलं. मंडप, गाद्या, भांडी आणि साउंड असं सगळं भाड्यानं देणारं दुकान. मालकानं मला वरून खाली पाहिलं, बोलायला लावलं, आणि मी ‘माझं’ला ‘मपलं’ म्हणालो तसा हसला. तेव्हापासून माझं नाव ‘घाटावरचा’ पडलं.

साउंडचं काम माझ्याकडं आपोआप आलं. दुकानात काळे रंगवलेले मोठे लाकडी डबे होते, आत स्पीकर. अशा डब्याला स्वतःचा जीव नसतो. आवाज मोठा करणारं मशीन वेगळं असतं, जड, दोघांनी उचलायचं. त्याच्यापासून डब्यापर्यंत वायर गेली तर डबा बोलतो, नाहीतर नुसतं फर्निचर. लग्नात हे मशीन एका टेबलावर ठेवायचं, मागं एक खुर्ची, खुर्चीवर मी. अमकं गाणं लाव, तमक्याची गाडी रस्त्यात आहे ते सांग, किल्ली सापडली आहे ते पुकार, असं म्हणत माणसं माझ्याकडं यायची. माझ्या बोलण्याला हसायची, पण यायची. शाळेत मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

मशीन सोडून उठता येत नसे. एखाद्या पोरानं बटण गरकन फिरवलं तर स्पीकर जळायचा. म्हणून इकडं एक पद्धत होती. पहिली पंगत बसायच्या आधी कुणीतरी स्वयंपाकाकडं ओरडायचं, मशीनवाल्याचं ताट काढा रे. आणि ताट यायचं. वरण, कणकेचा गोळा गोवऱ्यांवर भाजून केलेली बट्टी, वांग्याची भाजी, वरून तूप. ती बट्टी आधीच कुस्करून, वरणात कालवून आलेली असायची. मला पुष्कळ दिवस वाटायचं, इकडं अशीच वाढत असतील. पंगतीत मात्र सगळ्यांच्या पुढ्यात अख्खी बट्टी. माझा एक हात बटणावर अडकलेला असतो हे आत चुलीपाशी कुणाच्या तरी ध्यानात होतं. कोण, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. रात्री आई फोनवर विचारायची जेवलास का, तर मी म्हणायचो, मला जागेवर ताट येतं. ती ते वडिलांना ऐकू जाईल असं मोठ्यानं परत म्हणायची.

मग मालकानं कुठल्याशा कार्यक्रमात नव्या तऱ्हेचा स्पीकर पाहिला. मशीन डब्याच्या आतच. ना टेबल, ना वायरींचं जंजाळ. बटण दाबलं, मोबाईल जोडला, की चालू. दुसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, “काऊन बे घाटावरच्या, आपले डबे असे होतीन काय?”

नवे घ्यायला नको होते त्याला. मी म्हणालो, होतील. मी तोवर दुकानातलं सगळं उघडून पाहिलं होतं, आणि जे येत नव्हतं ते मोबाईलवर पाहून शिकत होतो. मालकानं खामगावहून आवाज मोठा करणारे बोर्ड आणून दिले. आमच्या जुन्या मशीनच्या मानानं हे बोर्ड वहीएवढे. डब्याच्या मागच्या फळीला चौकोनी भोक पाडलं. आतल्या बाजूनं प्लायवूडची वेगळी खोली केली, कारण स्पीकर आत हवा ढकलतो आणि तिचा मार बोर्डावर बसला तर सोल्डरिंगचे टाके निखळतात. गरम होणारा ॲल्युमिनियमचा भाग बाहेर, हवेशीर. प्रत्येक स्क्रूखाली रबर. पहिला डबा चालू केला तर गाण्यामागं सारखी घरघर. ती का येते हे शोधता शोधता माझी झोप उडाली. शेवटी कळलं, लाईटची वायर आणि गाण्याची वायर मी एकत्र बांधली होती. वेगळ्या काढल्या, घरघर गेली. डबा गप्प असताना असा गप्प झाला, की चालू आहे की नाही हे हात लावून पाहावं लागलं. इतका आनंद मला आयुष्यात क्वचित झाला असेल.

मालक म्हणाला होता, कोणालेही चालवता आलं पाह्यजे. आणि मला तर कुणीही चालवील याचीच धास्ती. म्हणून मी डब्याच्या मागं पांढऱ्या रंगानं लिहीत सुटलो. आधी आवाज शून्यावर, मग बटण. लाल रेघेच्या पुढे नेऊ नये. माईक स्पीकरसमोर धरू नये. पाणी लागू देऊ नये. जितक्या भीत्या सुचल्या तितक्या ओळी. लाल रेघ आवाजाच्या बटणापाशी नेलपॉलिशनं ओढली, ती पुसली जात नाही म्हणून. मालकानं ते वाचलं आणि खूश झाला. माझं सगळं काम मी माझ्याच हातानं डब्यावर लिहून ठेवलं आहे हे त्याला तिथंच कळलं असणार. मला कळायला एक लग्न लागलं.

त्या लग्नात मी डब्यासोबत गेलो. नवरदेवाच्या चुलतभावानं मागच्या ओळी वाचल्या, मोबाईल जोडला आणि गाणी लावली. टेबल नव्हतं, म्हणून खुर्चीही नव्हती. मी मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. ताट काढा म्हणून कुणी ओरडलं नाही. कुणी सांगेल, एवढी माणसं जेवत होती, बसायचं होतं पंगतीत, कोण उठवणार होतं? पण मला आवतण नव्हतं. इतके दिवस आलेलं ताट कामाचं होतं. आता बसलो असतो तर ते मागून खाल्ल्यासारखं झालं असतं. वडिलांचं वाक्य कानात होतंच.

पाणी प्यायला मंडपामागं गेलो. तिथं एक बाई गोवऱ्यांच्या राखेतून बट्ट्या काढून फडक्यानं पुसत बसली होती. तीच मावशी. माझ्याकडं न पाहता तिनं विचारलं, मशीन कोठी हाय आज, पोरगं ताट घेऊन फिरून आलं, मशीनवालाच दिसत नाही म्हणे. मी सांगितलं, मशीन डब्याच्या आत बसवलं. मीच बसवलं.

तिनं बट्टी खाली ठेवली.

“मंग तू कोठी हायेस बे?”

 तिनं ताट ओढलं, बट्टी कुस्करली, वरण घातलं आणि पुढं सरकवलं. दोन्ही हात मोकळे होते माझे, तरी मी तसंच एका हातानं जेवलो.

पुढचं भराभर झालं. डबे सुटे भाड्यानं जायला लागले. लोक मोटरसायकलवर दोघांच्या मधे धरून न्यायचे. जुनं मशीन विकलं गेलं. मी रात्री मशीनपाशी, गोदामात झोपायचो. डबे मालकाच्या घरी राहायला लागले तसं राखण करायला काही उरलं नाही. मालक वाईट बोलला नाही. चहा पाजला, आणि म्हणाला, “तूच त बनवलं ना बे असं.” मग म्हणाला, लागलं तर बोलावतो. या माणसाचा मला राग येतो, आणि मपलं म्हणणाऱ्या मला त्यानं दारात उभं केलं होतं तेही आठवतं. दोन्ही एकाच वेळी आठवतं म्हणून जास्त राग येतो.

घरी जाणं शक्य नव्हतं. काय सांगणार होतो? मावशीनं तिच्या पुढच्या लग्नाच्या कामाला मला परातीपाशी बसवलं. तिच्या नवऱ्याला ते पसंत नव्हतं, पोरगं घाटावरचं, कणीक कधी मळली का यानं, असं तो म्हणाला. नव्हतीच मळली. मावशी म्हणाली, शिकीन तो. झोपायला तिच्या घराची ओसरी. आईला फोनवर सांगितलं, कामाची जागा बदलली, ताट येतं.

आता मी चुलीपाशी असतो आणि बाहेर माझे डबे वाजतात. कुणीतरी लाल रेघ ओलांडतो, आवाज फाटतो, आणि कणीक मळता मळता माझी मान आपोआप तिकडं वळते. मावशी परातीवर थाप मारते. इकडं पाह्य.

या उन्हाळ्यात एका लग्नात डबा बंद पडला. ऐन मंगलाष्टकांच्या आधी. मालक स्वतः धावत मागं आला, घामाघूम, माझा हात धरला. एवढ्या माणसांत त्याला मीच लागत होतो. मी पीठ झटकत उठलो तेव्हा मावशी हळूच म्हणाली, “आधी ताट माग. मंग हात लाव.”

ती जेवणाचं बोलत नव्हती. जेवण तर तिच्याकडंच होतं.

मी गेलो. डब्याला मंडपवाल्यांनी शोभेची झालर गुंडाळली होती, गुलाबी साटिनची, मागून पुढून. ॲल्युमिनियमचा भाग झाकला गेला होता आणि तापून बोर्डानं स्वतःला बंद केलं होतं. झालर सोडली, पुठ्ठ्यानं वारा घातला, डबा परत बोलला. इतक्या ओळी लिहिल्या होत्या, पण कुणी डब्याला सजवेल ही एकच भीती मला सुचली नव्हती. लोक अक्षता घेऊन उभे राहिले. मालकानं सुटकेचा श्वास सोडला. आता म्हणायचं, मी स्वतःला सांगितलं. या डब्याला माणूस लागतो, मला परत ठेवा, एवढंच.

मालक म्हणाला, “हेबी लेहून ठेव बे त्याच्यावर.”

आणि मी लिहिलं. कुणाकडून तरी मार्कर मागून घेतला आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, कापडानं झाकू नये.

परत आलो तर मावशीनं माझ्या हाताकडं पाहिलं. बोटाला मार्करची शाई लागली होती. सगळ्या पंगती उठल्यावर, नेहमीसारखं, पातेल्याच्या तळाचं वरण तिनं उभ्यानंच घेतलं. इतक्या लग्नांत मी तिला बसून जेवताना पाहिलेलं नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आवतण नसतं.

मालकाकडं मला मागता आलं नाही, पुढं येईल का ते माहीत नाही. पण मावशीचं देणं मला द्यायचं आहे. कधीतरी मी एक पंगत घालीन, लहान का असेना. पहिल्या ओळीत मावशी बसेल आणि वाढायला मी असेन. तिच्या ताटात मी बट्टी कुस्करून घालणार नाही. अख्खी वाढीन, वरून तूप. तिचे दोन्ही हात त्या दिवशी मोकळे असतील.