पंखावरची नीळ

रॉकेलचा वास आला की नांदेडच्या आमच्या कॉलेजमध्ये बनलेली शर्यतीची गाडी आठवते. तिच्या मागं बसवलेला आडवा पंख वळणावर गाडीला जमिनीशी दाबून धरतो, हे विभागप्रमुखांना पटेना. “फुकटचं वजन, काढून टाका,” ते म्हणाले आणि शिक्षक असून मी मान डोलावली. पंख बनवणाऱ्या विद्यार्थिनीनं मात्र रॉकेलात नीळ कालवून त्याला फासली. “रंगपंचमी खेळून राहिलीस का?” प्रमुख हसले. “गाडी पळू द्या सर, मग हसा.” गाडी मैदानाला फेऱ्या मारून आली, तेव्हा वाऱ्यानं नीळ ओढून पंखभर सरळ रेघा काढल्या होत्या, एका कडेलाच त्या विस्कटल्या होत्या. “हवा पंखाला धरून चाललीय, म्हणजे तो गाडीला दाबतोय. फक्त इथं हवा सुटून राहिली. पंखाचा कोन बदलते सर, पंख काढत न्हाई,” ती म्हणाली. तेव्हा कुठं मीही म्हणालो, “पंख राहील.” आधी मान डोलावली ते अजून टोचतं, पण त्यानंतर चाचणी घेतल्याशिवाय कुणाचंही काम मी काढू दिलेलं नाही, देणारही नाही.