हरण्या कुणाच्या हातून गेला

हमीदचाचांचा फोन आला तेव्हा माझा हात कोपरापर्यंत गायीच्या पोटात होता. पालमजवळच्या एका आखाड्यावर, शेतातल्या गोठ्यात, गाय अडली होती, वासराचा पाय मागं वळलेला. फोन खिशात वाजत राहिला. वासरू बाहेर आलं, त्यानं श्वास घेतला, मग हात धुऊन मी उलट फोन लावला. चाचा आमच्या परभणीच्या पशुवैद्यकीय कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. म्हणाले, "डाक्टरसाब, साळवे म्याडम नहीं रहे." मालकीण चहा घेऊन आली होती. मी कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला... याला आता दीड महिना झाला.

साळवे मॅडम जनावरांच्या आहाराच्या शास्त्रज्ञ. उभी हयात त्यांनी वाळल्या कडब्यात आणि सोयाबीनच्या भुसकटात घालवली. "हिरवं घालून कुणीबी दूध काढंल," त्या म्हणायच्या. "आपल्याकडं आठ महिने हिरवं हाय कुठं? जे हाय त्याचं बोला." पेंडीचा चिमूटभर भुगा जिभेवर ठेवून थुंकायच्या आणि "वाळू हाय" म्हणायच्या. दोन दिवसांनी तपासणी व्हायची आणि वाळूच निघायची. रोज सकाळी गव्हाणीपुढं उकिडव्या बसून जनावरांनी न खाता मागं ठेवलेला चारा स्वतः तोलायच्या. ते काम मला पहिल्यांदा दिलं तेव्हा मी नाक मुरडलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, शिकूनसवरून पुन्हा गव्हाणच का? मॅडमनी ते ओळखलं. "प्रल्हादराव, किती घातलं ते सगळेच लिहितात. त्यानं काय ठेवलं ते जो लिहितो, त्यालाच जनावर कळतं."

कडब्यावर युरियाचं पाणी मापानं शिंपडायचं, प्लास्टिकखाली तीन आठवडे दाबून ठेवायचं, म्हणजे तोच कडबा मऊ पडतो आणि जनावराच्या अंगी लागतो. ही रीत एका अख्ख्या गावानं वर्षभर करावी, आणि त्या गावाची जनावरं आपण बघावी, हे मॅडमचं स्वप्न होतं. गाव ठरलं झरी, माझंच. "मी रविवारी येते. तोवर कशाला हात लावू नको," असं बजावून त्यांनी मला पुढं पाठवलं. मी गुरुवारी घरी पोचलो. डिग्री हातात यायच्या आधीच गल्ली मला डॉक्टर म्हणायची. मला रविवारपर्यंत दम धरवला नाही. चार माणसं जमवली, भाषण ठोकलं, पाणी शिंपडून कडबा झाकला. बादलीत अर्धं पाणी उरलं, ते भिंतीकडेला ठेवून मी चहाला आत गेलो. तेवढ्यात आमचा बैल, हरण्या, रानातून तहानलेला आला आणि त्यानं ती बादली रिकामी केली. युरियाचं पाणी असं सरळ पोटात गेलं की विषच.

तासही लागला नाही. तोंडाला फेस, अंगाला कापरं, पोट टम्म. मी मॅडमना फोन केला. "व्हिनेगर पाज पाण्यातून, मी निघालेच," त्या म्हणाल्या. तेव्हा झरीत व्हिनेगर कुठलं? परभणीहून बाटल्या घेऊन त्या स्कूटरवर पोचल्या, तोवर हरण्या गेला होता.

तात्या, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी पोरासारखे रडले. मग उठून ओरडले, "कुणी शिकवलं रे तुला हे?" मॅडमनी बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी शिकवलं, दादा. उरलेलं पाणी सांडून टाकायचं, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं. पोराची चूक न्हाई."

वर्गात त्यांनी ते तीनदा सांगितलं होतं. माझ्या वहीत खाली दोन रेघा मारून लिहिलेलं होतं. आणि मी गप्प उभा राहिलो.

तात्या सगळ्या गल्लीपुढं जे बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं एक वाक्य जातीवरून होतं. तरी मॅडम बैलासाठी खड्डा खणून होईपर्यंत थांबल्या, मग गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी विचारलं, तुम्ही असं का केलंत? "तुझ्या बापाला लेक एकच हाय. मास्तरीण कुठंबी मिळंल," त्या म्हणाल्या. आणि वर, "सांगशील कधीतरी. तुझं तू सांग."

झरीनं मॅडमना पुन्हा शिवारात पाऊल टाकू दिलं नाही. "बैल मारणारी बाई" हे नाव शेजारच्या गावांतही पोचलं. त्यांचा गावाचा प्रयोग कधी झालाच नाही. त्या कॉलेजच्या गोठ्यातच आकडे मांडत निवृत्त झाल्या. आणि मी? मी डॉक्टर झालो, तात्यांनी पेढे वाटले. माझ्या लग्नात मॅडम आल्या तेव्हा तात्यांनी पाठ फिरवली. मी बाशिंग बांधून तेही बघत राहिलो.

शेवटचं भेटलो ते त्यांच्या आजारपणात. अंगात काही उरलं नव्हतं. मीच विषय काढला, "दिवाळीला गावाकडं जातोय, तात्यांना सांगतो." त्या हसल्या. "बरं. पण आधी जेवू दे त्यांना, मग सांग." दिवाळीला बारा दिवस होते. त्या त्याआधीच गेल्या.

दिवाळीत तात्या जेवले, त्यांनी हात धुतला, मग मी सगळं सांगितलं. "जित्या व्हत्या तवा का न्हाई बोललास रे? आता म्या कुणापुढं हात जोडू?"

गेल्या रविवारी त्यांना घेऊन मॅडमच्या घरी गेलो. धाकट्या बहिणीनं, मंगलताईंनी, दार उघडलं. मॅडमच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची तशीच आहे, बसून बसून मध्ये खोलगट झालेली. "काका, वर बसा की," मंगलताई म्हणत राहिल्या. "न्हाई बाई, हितंच बरं हाय," म्हणत तात्या खाली फरशीवर बसले. "तुमच्या बहिणीला म्या लय वाईट बोललो व्हतो."

"कधी? ताई तर कधीच काही म्हणाली नाही," मंगलताई म्हणाल्या. "काय बोललात?"

तात्यांनी तोंड उघडलं. माफी मागायची तर ते जातीवरचं वाक्य पुन्हा उच्चारावं लागणार होतं, त्याच घरात, त्याच रक्ताच्या बाईपुढं. ते त्यांना जमलं नाही. हात जोडलेले तसेच ठेवून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "गावापुढं बोललो व्हतो, गावापुढंच सांगाया पायजे. मला लिवता येत न्हाई. तुला शिकवलंय ना? मग लिव्ह."

म्हणून लिहितोय. झरीच्या माणसांनो, हरण्या माझ्या हातून गेला. साळवे मॅडमचा त्यात काडीचाही दोष नव्हता. हे मी त्याच दिवशी, तिथंच, त्या उभ्या होत्या तेव्हा सांगायला पाहिजे होतं.