शिमल्याला निघालेली फळी

“हे लगेजमधी जाईन का पार्सलमधी?”

गजाननने विचारलं आणि खांद्यावरची फळी बुकिंग ऑफिसच्या दाराला टेकवून ठेवली. मी खिडकीवर होतो. बाहेर हिंगोलीचं तिकीट मागणारी एक म्हातारी पदरातली चिल्लर सोडत होती. मी तिला तिकीट दिलं, खिडकी लावली आणि बाहेर येऊन फळीकडे पाहिलं.

रेल्वेत लगेज म्हणजे प्रवाशाबरोबर, त्याच्या तिकिटावर जाणारं सामान. पार्सल म्हणजे एकटं जाणारं. माणूस पोचल्यावर कधीतरी तेही पोचतं. गजाननची फळी पुरुषभर लांब होती. सुताराने तिचं पुढचं टोक तासून वर उचललं होतं. पाय अडकवायला वर चामड्याच्या दोन वाद्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, त्याही बैलांच्या गळ्यातल्या जुन्या सापत्यांतून काढलेल्या. अशा वस्तूसाठी टॅरिफच्या, म्हणजे भाड्याच्या दरांच्या, पुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं.

“लगेज,” मी म्हटलं. “पार्सलनं पाठवली तर तू परत आल्यावर तिकडे पोचंल.”

तो खूश झाला. त्या वेळी आम्ही दोघंही खूश होतो.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी वाशीम स्टेशनला बुकिंग क्लार्क होतो. रिठदच्या आमच्या बौद्धवाड्यातून रेल्वेत लागलेला पहिलाच, त्यामुळे नियम जरा जास्तच प्रेमाने वाचायचो. आमची लाईन मीटर गेज, म्हणजे अरुंद रुळांची. गाड्या कमी, प्रवासी ओळखीचे. हिंगोली, पूर्णा, अकोला अशी छापील पुठ्ठ्याची तिकिटं रॅकमध्ये असायची. लांबच्या गावाला छापील तिकीट नसे. ते कार्बन घालून हाताने लिहून द्यायचं, त्याला आम्ही ब्लँक पेपर तिकीट म्हणायचो. वाशीमला असताना मी शिमल्याचं तिकीट एकदाच लिहिलं.

गजानन माझा रिसोडच्या शाळेतला दोस्त. घरचा मळा गावाला लागून. पानकोबी, वांगी, मिरची. तिसरा वामन, केनवडला मास्तर होता, घरी थोडी बागायत. आम्हा तिघांना बर्फ माहीत होता तो लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेला, गोळेवाल्याच्या गाडीवरचा. मग रिसोडला टुरिंग टॉकीज आली. सिनेमाआधी सरकारी बातम्यांचं रीळ लावत, त्यात एकदा डोंगरावरून बर्फात घसरणारी माणसं दाखवली. लोकांनी ओरडून मुख्य सिनेमा लावायला सांगितलं. गजानन मात्र पडद्याकडे तोंड उघडं ठेवून बसला होता.

रिळातल्या माणसांच्या पायांखाली दोन अरुंद पट्ट्या होत्या. गजाननचं म्हणणं पडलं की दोन कशाला, एक रुंद फळी पुरे. आमच्याकडे नांगरट झाली की जमीन सपाट करायला बैलांमागे फळी ओढतात, आणि वजन पडावं म्हणून घरचा पोरगा तिच्यावर उभा राहतो. गजाननचं लहानपण त्या फळीवर गेलं होतं. ढेकळांवरून कधी पडला नाही, तर बर्फावरून काय पडणार. आम्हाला ते पटलं. पुढं पुष्कळ वर्षांनी टीव्हीवर एकाच फळीवर उभं राहून घसरणारी गोरी पोरं पाहिली, तेव्हा मी घरात एकटाच मोठ्याने हसलो.

घाई होती ती एका कारणाने. गजाननचे वडील, तुकारामकाका, गुडघ्याने बसले होते. त्यांनी पोराला सांगून टाकलं होतं, “यंदा कुठं जायचं थे जाऊन ये. पुढच्या सालापासून मळा तुह्यावर.” मळा अंगावर आला की माणूस गावाबाहेर मुक्काम करू शकत नाही. रोज पाणी द्यायचं, रोज तोडा, रोज बाजार. तुकारामकाकांना लग्नकार्याला जाऊनही रात्री परत येतानाच मी पाहिलं होतं. म्हणजे गजाननला जायचं ते यंदाच. पुन्हा नाही.

अडचण भाड्याची होती. मला रेल्वेचा पास होता. त्या दोघांना पूर्ण भाडं झेपणारं नव्हतं. मी जेवणाच्या सुट्टीत टॅरिफचं जाडजूड पुस्तक घेऊन बसू लागलो. त्यात विद्यार्थ्यांना सवलत, खेळाडूंना सवलत, नाटक मंडळीला सवलत. आणि एका पानावर सापडलं: शेतकऱ्यांची पार्टी सरकारी शेतीसंस्था बघायला जात असेल तर अर्धं भाडं. शिमल्याला बटाट्याचं सरकारी संशोधन चालायचं हे मला वामनने सांगितलं. शिमल्याच्या वर कुफरी नावाचं गाव, तिथे बर्फ. बटाटा बघायचा आणि बर्फावर घसरून यायचं. इतकी सरळ योजना मी नोकरीत दुसरी केली नाही.

आमचे स्टेशन मास्तर जोशी साहेब. मी पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं.

“पार्टी किमान वीस जणांची लागेल. तुमचे किती?”

“दोन, साहेब.”

“मग अठरा शोधा. आणि बी.डी.ओ.चा दाखला आणा. एक जरी कमी झाला तरी सवलत मिळणार नाही, नंतर मला विनवू नका.”

गजानन अठरा जण शोधायला निघाला. मळेवाल्यांच्या घरोघरी गेला. थंडीचे दिवस नुकते लागत होते. आठवड्यात तो परत आला तर चक्क वीसच्या वर नावं झालेली. मी त्याला शाबासकी दिली. मग ठरवायला म्हणून सगळ्यांना त्याच्या मळ्यात बोलावलं. मीही रिसोडची एस.टी. पकडून गेलो, कारण गाड्यांचा हिशेब मीच समजावणार होतो.

मी सांगितलं: वाशीमहून अकोला, तिथे मोठ्या लाईनची गाडी, भुसावळ, इटारसी, दिल्ली. पुढं कालका. कालक्याहून खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी डोंगर चढते. कुणीतरी विचारलं, मथुरा लागते का. लागते, मी म्हटलं. लांबच्या तिकिटावर मध्ये उतरून पुढं जाता येतं, त्याला ब्रेक जर्नी म्हणतात. मंडळी आनंदली. चहा फिरला. मी म्हटलं, जानेवारीत निघू.

तेव्हा किसनबुवा बोलले. ते सगळ्यांत मोठे, त्यांची पानकोबी तालुक्यात नावाजलेली.

“पुसाच्या महिन्यात मळा कोन सोडते? कोबी भरून राह्यली, वांगे तोड्यावर. चैतात जाऊ. आलू का पयून जाते?”

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांचं चुकत नव्हतं. मळेवाल्याचं वर्ष थंडीतच कमावलं जातं. मी गजाननकडे पाहिलं. वामनही पाहत होता. आता हा बोलेल की चैत्रात बर्फ राहत नाही. गजाननने कपातल्या चहाकडे पाहिलं आणि म्हणाला, “बरोबर हाय बुवा. चैतात जाऊ.”

परतताना मळ्याच्या बांधावर मी त्याला धरलं. बर्फाचं काहून नाही बोलला, असं विचारलं. तेव्हा कळलं की त्याने बर्फाचा विषय कुणापाशीच काढला नव्हता. घरोघरी जाऊन बटाटा सांगितला, मथुरा सांगितली. तिशीला आलेला, लग्न झालेला माणूस फळीवर उभं राहून घसरायला शिमल्याला जातो, हे त्याच्या तोंडून निघेना.

“हासतीन ना बे,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मग त्यांना राहू दे. सवलत गेली खड्ड्यात. तू आणि वामन पूर्ण भाड्याने जानेवारीत चला, मी थोडा हातभार लावतो. माझी रजाही जानेवारीतच मंजूर होती. त्यावर तो थांबला. बराच वेळ पायाने बांधाची माती सारखी करत राहिला.

“मी माह्या पायानं त्यायच्या दारात गेलतो, सुखदेव. या म्हनलं. आता कसा सांगू, तुमी घरीच ऱ्हा? आन डोंगरावर थोडा त असनच.”

 आमच्याकडे कुणाला सोबत या म्हटलं की ते मागं घेता येत नाही. ज्याने बोलावलं त्याने त्यांची सोय पाहायची. टॅरिफच्या कुठल्याही नियमापेक्षा हा नियम पक्का, आणि तो मलाही मान्य होता. राग आला तो मी त्याच्यावर न काढता वामनवर काढला, एस.टी. येईपर्यंत.

चैत्रात पार्टी निघाली. माझी रजा नामंजूर झाली. लग्नसराईत बुकिंग क्लार्कला कोण सोडणार? जोशी साहेब म्हणाले, “पार्टी तुम्हीच जमवली, गर्दीही तुम्हीच सांभाळा.” शिमल्याचं तिकीट मी माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात लिहिलं. फलाटावर घोंगड्या, भाकरीची गाठोडी, लोणच्याच्या बरण्या, आणि घोंगडीत गुंडाळलेली फळी. कुणी विचारलं तर गजानन सांगायचा, झोपायला घेतली.

पुढचं मला वामनने सांगितलं. मंडळींनी मथुरा केली, बटाटे पाहिले, तिथल्या साहेबांना प्रश्न विचारून हैराण केलं. शिमल्यात उन्हं पडलेली. स्वेटर कुणाला लागला नाही. कुफरीला सगळेच गेले, कारण गजानन चला म्हणाला. वर हिरवं गवत आणि चिखल. लांबवर आभाळाला लागून पांढरे डोंगर दिसत होते, पण ते तिथून दिल्लीइतकेच दूर. शोधत शोधत गजाननला एका ओढ्याच्या काठाखाली सावलीत बर्फ सापडला. उकिरड्याएवढा ढीग, वरून काळा, देवदाराच्या काड्यांनी भरलेला.

त्याने घोंगडी सोडली. फळी ढिगावर ठेवली, वाद्यांत पाय घातले आणि उभा राहिला. फळी हलली नाही. ओल्या बर्फात रुतून बसली. त्याने कमरेतून जोर दिला, तरी नाही. सगळी पार्टी काठावर उभी राहून बघत होती. त्याला ज्याची भीती होती ते झालंच नाही, कुणी हसलं नाही.

किसनबुवांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते खाली उतरले आणि त्याला हात दिला.

“गज्या, हे होतं त सांगाचं होतं ना बाप्पा. पुसातच आलो असतो. कोबी पोरायनं पायली असती.”

वामन म्हणतो, तेवढं ऐकल्यावर गजानन रडला. बुवांनी त्याच्या डोक्यावर आपलं उपरणं टाकलं, बाकीच्यांना दिसू नये म्हणून.

परत आल्यावर मळा त्याच्या अंगावर आला. तुकारामकाका गेले, भाऊ नोकरीला लागून बाहेर पडले, गजानन पाण्याच्या पाळ्यांत अडकला तो अडकलाच. मी दरवर्षी जानेवारीत विषय काढायचो. तो म्हणायचा, पुढच्या साली पाहू. फळीच्या वाद्या त्याने काढून टाकल्या आणि ती वाफे सारखे करायला वापरू लागला. चांगलं लाकूड होतं, अजून आहे.

रिटायर झाल्यावर पासावर मी बायकोला घेऊन शिमल्याला गेलो, जानेवारीत. कुफरीला गुडघाभर बर्फ होता. बायको लहान मुलीसारखी खेळली. मी तिचे फोटो काढले आणि मला मनापासून वाईट वाटत राहिलं. हा बर्फ बघायचा हक्क माझा नव्हता, असं सारखं येत होतं मनात.

आल्यावर मी रिसोडला गेलो. गजानन मळ्यात होता, पाण्याच्या दांडाला बसून. मी फोटो दिले. त्याने हात पुसून एकेक फोटो पाहिला, नंतर परत पहिल्यापासून पाहिले.

“पायाखाली कसा लागते रे?”

“कोरडा. पिठासारखा.”

“फळी चालली असती?”

मी तिथे एका पोराला तसल्याच एका फळीवर उतारावरून येताना पाहिलं होतं. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं.

“चालली असती,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली. फोटो माझ्या हातात दिले आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठला.

त्या पार्टीनंतर, नोकरीत असेपर्यंत, वाशीमला नवे क्लार्क आले की मी त्यांना एक गोष्ट आवर्जून शिकवत असे, पुस्तकात नसलेली. पार्टीचं तिकीट करायला कुणी आलं, की नावं लिहिण्याआधी त्याला बाजूला घ्यावं आणि विचारावं, तुम्हाला स्वतःला कुठं जायचंय, आणि ते बाकीच्यांना माहीत आहे का?